हजेरीपट आणि केसपेपर

१९४३ साल बंगालच्या दुष्काळाचे आणि ऐन महायुद्धाचे. त्या एका वर्षात दिल्लीच्या सरकारने दोन माणसांवर दोन कामे सोपवली. मार्चमध्ये अर्थशास्त्राचे प्राध्यापक बी. पी. आडारकर यांना सांगितले गेले, की कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखून द्या. ऑक्टोबरमध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिला साऱ्या देशाच्या आरोग्याची पाहणी करून पुढचा आराखडा द्यायला सांगितले गेले. दोघांपुढचा प्रश्न मुळात एकच होता. गरीब माणूस आजारी पडला तर त्याच्या उपचारांचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार कोणी उचलायचा? दोघांची उत्तरे वेगळी निघाली आणि देशाने दोन्ही अर्धी-अर्धी स्वीकारली.

त्या काळी ठाणे जिल्ह्यातले शिरवणे हे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव होते. भाताची खाचरे, मिठागरे आणि मासेमारी यांवर गावाचे पोट चाले. आज सायन-पनवेल महामार्गाच्या एका अंगाला शिरवण्याचे गावठाण आहे. त्याच्याभोवती नेरूळ आणि जुईनगरच्या इमारती आहेत. महामार्गापलीकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीचे कारखाने आहेत. गावठाणात भाड्याने राहून पलीकडच्या शेडमध्ये मशीन चालवणारा माणूस आजारी पडला, की तो आडारकरांच्या वाटेने जातो. त्याच चाळीत राहून नेरूळच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणारी बाई आजारी पडली, की तिच्यासाठी उरते ती भोर यांची वाट. या दोन वाटा वेगळ्या कशा झाल्या, हे समजून घ्यायला आधी मुंबईच्या गिरणगावात जावे लागते.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ सालचा, कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा. गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झालेल्या या माणसाने १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने अशी कामे करता करता त्यांना एक गोष्ट दिसत गेली. गिरणी कामगाराचा आजार दवाखान्यात जाण्याआधीच सुरू होत होता आणि दवाखान्यातून बाहेर पडल्यावरही संपत नव्हता. एक खोली, तिच्यात दोन-दोन कुटुंबे, धूर आणि ओल. आजारपणात खाडा झाला की मजुरी बंद. मजुरी बंद झाली की पठाणाचे किंवा मारवाड्याचे कर्ज. लवकर बरे होण्यासाठी लागणारी विश्रांती या हिशेबात कुठेच बसत नव्हती. १९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली, तेव्हा भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशीच गेले होते. बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा ठराव त्याच परिषदेत झाला.

मुंबईत त्या ठरावाला केवढा अर्थ होता, हे डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांच्या पाहणीने दाखवून दिले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारने त्यांना गिरण्यांतल्या बायकांची स्थिती पाहायला नेमले होते. त्या चाळींतून हिंडल्या तेव्हा घरोघर त्यांना बाळगोळी दिसली. अफूची एवढीशी गोळी. आई सकाळी ती तान्ह्या पोराच्या तोंडात घाली आणि गिरणीत जाई, म्हणजे दिवसभर ते झोपून राही. बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत कामावर येणाऱ्या आणि नंतर थोड्याच दिवसांत परत हजेरी लावणाऱ्या बायका होत्या. त्यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती. घरी राहिले तर खायचे काय, एवढाच प्रश्न होता.

जोशींनी १९२४ साली केंद्रीय विधिमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आणले. सरकारने आणि मालकांनी मिळून ते पाडले. चार वर्षांनी तोच विषय मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आला आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलायला उभे राहिले. त्यांच्या म्हणण्याचा रोख नीट पाहायला हवा, कारण पुढच्या शंभर वर्षांचा वाद त्यात आहे. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि लोककल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी आहे. म्हणून या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांनी मांडले. मात्र सरकार तो उचलत नाही म्हणून मालकाला मोकळे सोडावे हेही त्यांना मान्य नव्हते. बाईच्या श्रमाचा फायदा घेणाऱ्याने आपला भाग द्यावा, असे त्यांचे मत होते. विधेयक मंजूर झाले आणि १९२९ साली मुंबईत देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा आला.

त्या कायद्याने सारा भार मालकावर टाकला. परिणाम लवकरच दिसू लागला. जी बाई कामावर आहे तिचा खर्च तिच्याच मालकावर पडतो म्हटल्यावर लग्न झालेल्या बायका कामावर न घेण्याकडे गिरण्यांचा कल वाढला आणि पुढच्या वर्षांत मुंबईच्या गिरण्यांतले बायकांचे प्रमाण घटत गेले. हक्क दिला आणि नोकरी गेली. आजारपणाचा किंवा बाळंतपणाचा खर्च एकेका मालकाच्या गळ्यात न अडकवता सगळ्या मालकांच्या, कामगारांच्या आणि सरकारच्या पैशांतून सामाईक निधी उभारायला हवा, हा धडा मुंबईला मिळाला. विम्याची कल्पना पुस्तकातून आली खरी, पण ती पटली ती या अनुभवामुळे.

१९२७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने आजारपणाच्या विम्याचे करार मंजूर केले. भारत सरकारने ते स्वीकारले नाहीत. कामगारांच्या स्थितीची पाहणी करायला १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगात जोशी सदस्य होते. १९३१ च्या अहवालात आयोगाने कामगारांच्या आजारपणाच्या विम्याची गरज मान्य केली. मग दहा वर्षे कागद फिरत राहिले. पुरेशी आकडेवारी नाही, पुरेसे डॉक्टर नाहीत, प्रांतांजवळ पैसा नाही. आजारी माणसांची मोजणी कधी सुरूच केली नव्हती आणि मोजणी नाही हेच काम न करण्याचे कारण झाले.

युद्धाने ते चित्र बदलले. कारखाने तीन पाळ्यांत चालू लागले आणि खाडा परवडेनासा झाला. १९४२ च्या जुलैमध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस इंग्लंडात बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढच्या मार्चमध्ये आडारकरांची नेमणूक झाली आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. नेहरूंनी पुढे त्यांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हटल्याचे कर्मचारी राज्य विमा महामंडळ अजूनही अभिमानाने सांगते.

आडारकरांची योजना हिशेबी माणसाची होती. सुरुवातीला तिच्यात कापड, अभियांत्रिकी आणि खनिज-धातू हे तीनच उद्योग होते. विमा सक्तीचा. कामगाराने वर्गणी द्यायची, मालकाने द्यायची. जो वर्गणी देतो त्याला आजारपणात औषध आणि रोख भत्ता या दोन्ही गोष्टी हक्काने मिळायच्या. त्यासाठी कोणाकडे हात पसरायचा नाही. १९४५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे दोन तज्ज्ञ, मॉरिस स्टॅक आणि आर. राव, यांनी योजना तपासली. बाळंतपणाचा भत्ता आणि कामावरच्या अपघाताची भरपाई त्यांनी याच विम्यात आणली. बारमाही चालणाऱ्या सगळ्या कारखान्यांना योजना लावायची शिफारस केली. आणखी एक बदल त्यांनी केला आणि त्याचे परिणाम आजतागायत भोगावे लागत आहेत: रोख भत्ता देण्याचे काम एका हातात आणि औषधोपचाराचे काम दुसऱ्या हातात.

तिकडे भोर समितीचे काम चालू होते. जोसेफ भोर जन्माने नाशिकचे, शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात झालेले. आयसीएस होऊन व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळापर्यंत पोहोचलेले. त्यांच्या पत्नी स्वतः डॉक्टर होत्या. भोर यांच्या समितीत नामवंत डॉक्टरांबरोबर एक कामगार पुढारीही होते, आपले नारायण मल्हार जोशी. व्हिटली आयोगात कामगारांच्या विम्याचा आग्रह धरणारा माणूस आता साऱ्या देशाच्या आरोग्याचा विचार करायला बसला होता.

१९४६ साली आलेला चार खंडांचा अहवाल आज वाचला तरी त्याची धिटाई जाणवते. देशात जन्मणाऱ्या हजार मुलांतली १६२ वर्षाच्या आत दगावत होती. सरासरी आयुर्मान २७ वर्षांच्या आसपास होते. समितीने विम्याचा पर्याय तपासला आणि बाजूला ठेवला. ज्या देशात बहुसंख्य लोकांना वर्गणीच देता येणार नाही, तिथे वर्गणीवर हक्क बेतला तर बहुसंख्य लोक बाहेर राहतील, हे त्यांचे सरळ गणित होते. म्हणून सेवा सगळ्यांना मिळावी आणि पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणी उपचाराला मुकू नये, ही त्यांची पायाभूत भूमिका ठरली. खर्च करातून भागवायचा आणि सरकारने एकूण खर्चातला १५ टक्के भाग आरोग्यावर घालायचा. दूरच्या आराखड्यात दर १० ते २० हजार लोकवस्तीमागे ७५ खाटांचे प्राथमिक केंद्र होते.

दोन अहवाल, दोन वर्षांच्या अंतराने. आडारकरांनी हक्काचा पुरावा हजेरीपटात ठेवला. भोर यांनी माणूस असणे हाच पुरावा मानला. स्वातंत्र्यानंतर कायदा झाला तो आडारकरांच्या योजनेचा. १९ एप्रिल १९४८ रोजी कर्मचारी राज्य विमा कायदा मंजूर झाला. भोर यांच्या अहवालातून प्राथमिक आरोग्य केंद्रे आली, पण पंधरा टक्के आले नाहीत आणि उपचार हा कायद्याने बजावता येणारा हक्कही आला नाही. कारखान्यातल्या कामगाराच्या मागे संघटना होती आणि त्याच्या खाड्याची झळ मालकाला लागत होती. शिरवण्यातला आगरी हिवतापाने महिनाभर पडून राहिला तर कोणत्याही मालकाचे काही अडत नव्हते. कायदा कोणाचा आधी होतो, हे बहुतेक वेळा एवढ्यावरच ठरते.

कायदा झाला तरी तो लागू व्हायला आणखी चार वर्षे गेली. मालकांचा आक्षेप असा, की योजना एखाद्याच शहरात सुरू झाली तर तिथल्या कारखान्यांचा माल महाग होईल आणि बाकीच्यांचे फावेल. १९५१ साली कायदा दुरुस्त करून देशभरच्या मालकांवर विशेष वर्गणी बसवली, तेव्हा ही अडचण सुटली. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरच्या मैदानावर मोठ्या जमावापुढे नेहरूंनी योजनेचे उद्घाटन केले. मुंबईत ती १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये पोहोचली. जोशी तेव्हा पंचाहत्तरीचे होते. पुढच्या मेमध्ये त्यांचे निधन झाले.

मुंबईने आपल्या सोयीची पद्धत निवडली. कानपूरला विम्याचे स्वतंत्र दवाखाने निघाले. मुंबईत मात्र गल्लोगल्लीच्या खाजगी डॉक्टरांची यादी केली गेली आणि कामगाराने त्यातला जवळचा डॉक्टर निवडायचा, असे ठरले. हाच तो पॅनेल डॉक्टर. लालबाग-परळच्या दोन पिढ्यांना पॅनेल डॉक्टर हा शब्द घरच्यासारखा माहीत होता. ताप आला की त्याच्याकडे जायचे, औषध घ्यायचे आणि सर्टिफिकेट आणायचे. ते सर्टिफिकेट विम्याच्या कार्यालयात दिले, की पडून राहिलेल्या दिवसांचा भत्ता मिळे. त्याआधी आजारी कामगाराला उचल मागायला मुकादमाच्या दारात उभे राहावे लागे आणि ती उचल व्याजासह फेडावी लागे. कुणाचे उपकार न घेता आजारी पडण्याची मुभा या कागदाने दिली. परळच्या महात्मा गांधी रुग्णालयासारखी कामगार रुग्णालये उभी राहिली तेव्हा तर बायको-मुलांचेही ऑपरेशन कर्ज न काढता होऊ लागले.

पण स्टॅक आणि राव यांनी केलेली ती वाटणी आत रुतून बसली होती. निधी जमा होतो तो केंद्राच्या महामंडळात. उपचाराची सोय करायची ती, १९४८ च्या कायद्याच्या कलम ५८ ने घालून दिल्याप्रमाणे, राज्य सरकारने. खर्चाचे सात भाग महामंडळाचे, आठवा भाग राज्याचा. कागदावर ही भागीदारी आहे. प्रत्यक्षात वॉर्डातला एक्स-रे बंद पडला, औषध संपले किंवा डॉक्टरची जागा रिकामी राहिली, की राज्य महामंडळाकडे बोट दाखवते आणि महामंडळ राज्याकडे. पैशाची कमतरता हे कारण इथे चालत नाही, कारण कामगाराची वर्गणी दर महिन्याला न चुकता कापलेली असते. १७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरी-मरोळच्या कामगार रुग्णालयाला आग लागली आणि अनेक जण दगावले. ते रुग्णालय तर खुद्द महामंडळाचेच होते. तिथे बोट दाखवायला दुसरे कोणी नव्हते.

या विम्याचा दुसरा कच्चा दुवा १९८२ साली उघडा पडला. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. अनेक गिरण्या परत पूर्णपणे उघडल्या नाहीत. हजेरी थांबली की वर्गणी थांबते आणि वर्गणी थांबली की काही महिन्यांनी उपचारांचा हक्कही थांबतो. गिरणीतल्या कापसाच्या धुळीने छातीचा विकार घेऊन बाहेर पडलेल्या माणसाला नेमके तेव्हा औषध लागत होते. चाळीस वर्षांपूर्वी भोर समितीसमोर असलेला प्रश्न लालबागच्या चाळींत घरोघर येऊन बसला. वयोमानाने निवृत्त झालेल्या विमाधारकाला वर्षाला १२० रुपये भरून उपचार चालू ठेवता येतात, ही सोय पुढे झाली. २००५ पासून कारखाना बंद पडून नोकरी गेलेल्यांसाठी बेकारी भत्ताही आला. संपात संपलेल्या पिढीला मात्र त्यातले काहीच वेळेवर मिळाले नाही.

त्याच वर्षांत काम खाडी ओलांडून पलीकडे सरकत होते. एमआयडीसीने ठाणे-बेलापूर पट्ट्यात साठच्या दशकात जागा घेतल्या होत्या. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात गेल्या. शिरवण्याच्या खाचरांच्या जागी रस्ते, भूखंड आणि शेड आले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. जमिनीच्या बदल्यात जमीन मागता आली. जमीन गेल्यावर येणाऱ्या आयुष्यातल्या आजारपणांचे काय, हा प्रश्न कोणत्याही करारात लिहिला गेला नाही.

शिरवण्याच्या एमआयडीसीत गिरणीसारखे हजारोंचे खाते नाही. इथे वीस, चाळीस, शंभर माणसांचे कारखाने आहेत. छपाई, प्लास्टिक, औषधे, यंत्रांचे सुटे भाग, पॅकिंग. कायमचे कामगार थोडे, बाकी ठेकेदाराचे. पगाराच्या पावतीवर ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, रकान्यात कामगाराचे ०.७५ टक्के दिसतात. मालकाचे सव्वातीन टक्के वेगळे. जुलै २०१९ पर्यंत हे दर एकूण साडेसहा टक्के होते, ते चारवर आणले गेले. २१ हजारांपर्यंत पगार असलेल्याला हा विमा लागू आहे. त्यापुढे एखादा रुपया जास्त पगार झाला, की वर्गणीचा चालू काळ संपल्यावर माणूस बाहेर पडतो. ओव्हरटाइम सोडून २१,५०० मिळवणारा फिटर नेरूळ-वाशीच्या खाजगी रुग्णालयातले बिल कसे भरणार, याचे उत्तर त्या मर्यादेत नाही.

कायदा मात्र कामगार समजतो त्यापेक्षा बराच मजबूत आहे. प्रेसखाली बोट सापडले, तर तात्पुरत्या अपंगत्वाचा भत्ता मजुरीच्या ९० टक्के दराने मिळतो आणि त्यासाठी आधी किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क लागू होतो. आजारपणाच्या भत्त्याला सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची हजेरी लागते. तो मजुरीच्या ७० टक्के दराने वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो. क्षयरोग, कर्करोग अशा लांबणाऱ्या दुखण्यांसाठी वाढीव मुदत आहे. बाळंतपणाला २०१७ पासून २६ आठवडे आहेत. गिरणगावातल्या बाळगोळीपासून इथवरचा पल्ला मोठा आहे आणि तो नाकारून चालणार नाही.

गोची होते ती नोंदणीत. ठेकेदाराने नावच घातले नसेल, महिन्याचे २६ दिवस भरून हजेरी १२ दाखवली असेल किंवा पावतीच दिली नसेल, तर रुग्णालयाच्या खिडकीवर सगळे हक्क हवेत विरतात. अपघात झाल्यावर धावपळ करून त्या दिवशीची नोंदणी केली जाते, अशा तक्रारी या पट्ट्यात कामगार संघटनांना नव्या नाहीत. यावरही कायद्यात तोड आहे. ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी प्रथम मूळ मालकानेच भरायची आहे. ती ठेकेदाराकडून वसूल करणे हा त्या दोघांमधला व्यवहार. मालकाने कसूर केली आणि कामगाराचा लाभ हुकला, तर महामंडळाने कामगाराला लाभ द्यायचा आणि मालकाकडून वसुली करायची, अशीही तरतूद आहे. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने किशोर लाल यांच्या खटल्यात सांगितले, की ईएसआय रुग्णालयातला रुग्ण फुकट उपचार घेत नाही. वर्गणी भरलेली असते, म्हणून हलगर्जीपणा झाला तर त्याला ग्राहक न्यायालयाकडे दाद मागता येते. १९९५ च्या निकालाप्रमाणे सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयाविरुद्ध हे दार बंद आहे. वर्गणीने कामगाराला मिळालेला हा खास अधिकार फार थोड्या कारखान्यांच्या नोटीस बोर्डावर लिहिलेला असतो.

आता महामार्गाच्या अलीकडची बाजू. १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिका अस्तित्वात आली आणि शिरवणे तिच्यात गेले. महापालिका कायद्याचे कलम ६३ हे बंधनकारक कामांचे आहे. पाणी, गटारे, रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक रुग्णालये आणि दवाखाने चालवण्यासाठी वाजवी आणि पुरेशी तरतूद करणे हे महापालिकेवर सोपवलेले काम आहे. इच्छेने करायच्या कामांची यादी वेगळी, कलम ६६ मध्ये. दवाखाना त्या यादीत नाही, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यातूनच शहरभर नागरी आरोग्य केंद्रे निघाली. शिरवण्यातही एक आहे. वर वाशीचे प्रथम संदर्भ रुग्णालय, नेरूळचे मीनाताई ठाकरे आणि ऐरोलीचे राजमाता जिजाऊ रुग्णालय. इथे पगाराची पावती लागत नाही. केसपेपर काढला की रुग्ण हा रुग्ण असतो, त्याचा मालक कोण हे कोणी विचारत नाही. भोर यांच्या अहवालातली दूरची आकृती या शहरात जिथे कुठे उतरली असेल, तर ती इथे.

२०२० च्या उन्हाळ्यात सरकारची जबाबदारी किती ताणता येते तेही दिसले. २१ मे रोजी राज्य सरकारने खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले: वॉर्डात दिवसाला ४,०००, अतिदक्षता विभागात ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र कोविड रुग्णालय झाले. एरवी अशक्य म्हटली जाणारी गोष्ट एका अधिसूचनेने झाली. ती मुदत संपली तसे दरही मोकळे झाले.

राज्याने पुढे दोन पावले टाकली. २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठी लागू केली आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व रुग्णालयांत उपचार मोफत झाले. पण शिरवण्याच्या जवळची सार्वजनिक रुग्णालये त्या विभागाची नाहीत, महापालिकेची आहेत. जिल्हा रुग्णालय ठाण्याला. नवी मुंबईच्या गरीब रुग्णाला राज्याच्या निर्णयाचा पूर्ण लाभ घ्यायचा तर खाडीच्या कडेकडेने वीसेक किलोमीटर जावे लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला. घरोघर जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्या मुलांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम निधीत भरायची आहे. कारखान्यातल्या कामगारासारखा आजारपणाचा भत्ता आणि कामगार रुग्णालयाचे दार मात्र त्यांना आपोआप मिळत नाही. असंघटित कामगारांना या विम्यात आणणारी योजना केंद्र सरकार आखू शकते, असे संहितेचे कलम ४५ सांगते. आखलीच पाहिजे असे त्यात नाही. तशी योजना निघाली, तर जुईनगर-नेरूळच्या इमारतींत काम करणाऱ्या शिरवण्याच्या बायकांची वर्गणी कोणी भरायची, हे आधी ठरवावे लागेल, कारण त्यांचे मालक प्रत्येकी चार-पाच घरे आहेत. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात आंबेडकरांनी मोठा वाटा सरकारवर ठेवला होता.